बटणमामांचं ऊन

शेजारीपाजारी त्यांना बटणमामा म्हणत, कारण कुणी खोलीतून बाहेर पडायच्या आत मामांचं बोट दिव्याच्या बटणावर! गच्चीवर सोलर बसलं आणि मामांना उलटाच घोर लागला. भर दुपारी ते मामींची झोप मोडत, "अगं ऊठ, ऊन वाया चाललंय! मशीन लाव!" धुतलेल्या चादरी पुन्हा धुऊन मामींचा जीव मेटाकुटीला आला.

चौथ्या दिवशी ऊन रणरणत होतं, पण सोलरच्या मीटरचा आकडा जागचा हलेना. मामा धापा टाकत गच्चीवर गेले, तर सगळ्या पॅनेलवर ओल्या चादरी पसरलेल्या!

"हे काय केलंस?" खाली येऊन मामा कडाडले.

मामींनी डोळे न उघडता कूस बदलली. "ऊन वाया चाललं होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून वाळत घातल्या."