चेन बदला

शेजारची पोर सायकलला तेल घालत होती. त्या वासाने मी थेट संस्थानी काळातल्या भोरला पोहोचले. मी तिथे नर्स होते आणि बाळंतपणांसाठी गावोगाव सायकलने जायची. एकदा भोंगवलीच्या वाटेवर चेन तीनदा पडली. मी पोहोचेपर्यंत बाळंतीण एकटीच मोकळी झाली होती. दोघं वाचली.

परत येताना मी तडक सायकल दुरुस्त करणाऱ्या बापूंकडे गेले. "चेन बदला."

"लई दिस चालंल बाई. तुमालाच पायडल मारता येत न्हाई."

दुकानातली माणसं हसली. माझे कान तापले. मी खाली बसले आणि पायडलच्या दातेरी चक्रावरची चेन चिमटीत धरून ओढली. ती दात सोडून अर्धं बोट वर आली.

"आता दारातल्या त्या नव्या सायकलची ओढून दाखवा. चेन झिजली नसेल तर हलणार नाही."

बापूंनी ओढली. ती जागची हलली नाही.

"बदलतो," ते खालच्या आवाजात म्हणाले.

बाईमाणसाने चारचौघांत असं बोलू नये, असं घरी सगळ्यांनी सुनावलं. तेव्हा मलाही थोडं चुकल्यासारखं वाटलं. आज वाटत नाही. चेन पंधरा दिवसांपासून घसरत होती आणि लोक हसतील म्हणून मी गप्प बसले होते. माझी चूक तेवढीच.