पूर्णगडच्या वाळूवर, बाळूच्या माशामागे

मी सांगते आणि माझी नात लिहिते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका तिच्या. खोटं काही सापडलं तर ते माझं.

बाळू माझा धाकटा भाऊ. सत्तरी ओलांडली तरी बाळूच. उभी हयात परदेशी जहाजांवर स्वयंपाकी होता. कुठल्याशा बेटांवर जहाज थांबलं की गुडघाभर पाण्यात उभं राहून मासे धरायला शिकला. जाळं नाही, आमिष नाही. लांब लवचिक काठी, तिला दोरी, आणि दोरीच्या टोकाला पिसांची बांधलेली खोटी कोळंबी. ती दोरी चाबकासारखी मागे-पुढे फिरवायची आणि मासा दिसला की त्याच्या नाकासमोर अलगद ठेवायची. मासा म्हणजे बोनफिश. अंगाने चांदी, आतून नुसते काटे. म्हणून धरायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा.

"सोडायचाच तर घरी बसून नुसते हात हलव की," मी म्हटलं.

"आक्का, तुला नाही कळायचं."

"नाहीच कळत. माशाला तरी कळतं काय, कशाला धरला नि कशाला सोडला ते?"

या थंडीत तो मुंबईहून आला तो काठी घेऊनच. डोळ्यांत काचबिंदू. कडेचं सगळं गेलंय, नळीतून बघावं तेवढं समोरचं उरलंय. गेलेलं परत येणार नाही नि उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाळूला एकच हवं होतं. जगभर तो मासा धरला, आता एकदा आपल्या खाडीच्या तोंडावर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. "तू दाखव, मी टाकतो," म्हणाला. मोतीबिंदू काढल्यापासून माझे डोळे घारीचे आहेत.

हे त्याने पूर्वीही कितीदा म्हटलं होतं. कधी माझी भाताची झोडणी निघायची, कधी त्याचं जहाज. डोळे होते तेव्हा सवड नव्हती.

आमचं गाव खाडीच्या वरच्या अंगाला. पाण्याने गेलं तर तोंड जवळ, पण रस्त्याने रत्नागिरी गाठून पावसमार्गे पूर्णगडला उतरायचं. यष्टीत माझं तिकीट फुकट, बाळूचं अर्धं. तो काठीची नळकांडी छातीशी धरून बसलेला. कंडक्टरने विचारलं, "आजोबा, बासरी काय?" बाळू रागावला. मी म्हटलं, "हो, पण वाजत नाही."

जाणार असाल तर तिथी बघून जा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पहाटे पुरी ओहोटी असते, वाळूचा पट्टा लांबवर उघडा पडतो, आणि सकाळभर भरती त्यावर हळूहळू चढते. पाठीवर ऊन, समोर समुद्र. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी फारसं हटत नाही, तेव्हा गेलात तर नुसतं पाणी बघून परत याल. राहायला आम्ही एका घरगुती खोलीत होतो. खोलीचं भाडं बेताचं, जेवण मात्र सांगून ठेवावं लागतं. उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण, सोलकढी. कालवणात मालकीणबाईंनी खोबरं सढळ घातलं होतं, तिखटाला हात आखडला होता.

वाळूपर्यंत होडी लागते. होडीवाले हनीफभाई तासावर पैसे घेत नाहीत, भरतीवर घेतात, म्हणजे पाणी चढून परत आणेपर्यंत एकच भाव. बाळूने फोनवर माशाचा फोटो दाखवला तर हसले. "ह्या माशापाठी मुंबईसून आलाव? आमच्या जाळ्यात आला तं खताला जातो ह्यो."

पहिल्या सकाळी भांडण. बाळूने मला आपला चष्मा दिला. तो घातला की पाण्याची चकाकी जाते आणि तळ दिसतो. मग म्हणाला, "मासा दिसला की घड्याळ सांग. समोर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ."

"मला घड्याळ येत असतं तर तुझी वाट बघत एवढी वर्षं काढली असती काय?"

मग मीच तोड काढली. म्हटलं, समज आपण घराच्या दारात अंगणाकडे तोंड करून उभे आहोत. समोर फणस. डावीकडे विहीर. मी म्हणेन तिकडे वळ, आणि लांबी सांगेन ती अंगणाच्या मापाने. बाळूचा चेहरा असा फुलला, की मला त्याचं लहानपणचं तोंड आठवलं.

आणि जमलं की! मी पाय घासत चालत होते, कारण पाय उचलून टाकला तर वाळूत दडलेला पाकट मासा नांगी मारतो. "विहीर, पायरीएवढ्यावर," म्हटलं की तो वळायचा, त्याच्या नजरेच्या नळीत त्याला पाणी हललेलं दिसायचं, आणि दोरी सुंईकन जायची. एक बोटभर मासा लागलाही. नाव कोणालाच सांगता आलं नाही. बाळूने त्याला ओंजळीत धरून पाण्यात सोडला आणि हात पँटला पुसत म्हणाला, "ह्यो नाय. पण रस्ता बरोबर हाय."

दुसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. हनीफभाई होडीत विडी ओढत बसलेले. मी बघत होते आणि मला दिसले. डोकी खाली, वाळू उकरताहेत, शेपट्या पाण्याबाहेर. उन्हात त्या शेपट्या लखलखत होत्या. एवढी वर्षं खाडीत तिसऱ्या वेचल्या, पण असलं काही बघितलं नव्हतं.

"बाळू! गोठा! गोठ्याकडे, अर्ध्या अंगणावर!"

तो वळला. एवढ्या चपळाईने, की म्हातारा आहे हे विसरायला झालं. काठी वाकली, दोरी हवेत लांब उलगडली आणि इतकी हलकी टेकली की पाण्याला वळीसुद्धा पडली नाही. असा हात मी जन्मात पाहिला नाही.

फक्त तो उजवीकडे वळला होता. मासे डावीकडे, विहिरीच्या पलीकडे.

"कुठे गो? मला दिसत नाय!"

"गोठ्याकडे म्हटलं ना रे!"

"मग मी कुठे टाकला?"

तो गर्रकन फिरला, पाय आपटला, पाणी ढवळलं. शेपट्या गेल्या. वाळूवरून एक सावली पळाली आणि संपलं.

होडीतून हनीफभाईंनी हाक मारली, "तुमची घरं दोन हायत काय?"

मला तेव्हा उमगलं. आमचा गोठा उजवीकडे होता, बाळू गावात होता तोवर. तो जहाजावर गेला, पैसे पाठवू लागला. बापाने गोठा मोडून त्या जागेवर त्याच्यासाठी स्लॅबची खोली बांधली आणि गुरं विहिरीपलीकडे नेली. माझं लग्न गावातच झालं, आईबापाच्या मागे त्याचं घर मीच सांभाळते. मी रोज त्या गोठ्यात शेण काढते.

"बाळू, तू मासा तुझ्या खोलीत टाकलास."

"खोली मला ठाऊक हाय गो. झोपलोय मी तिच्यात."

"किती वेळा?"

तो दोरी गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "गोठा म्हटलंस नि मी वळलोच. विचार नाय केला."

मीही केला नव्हता. डावं-उजवं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्या क्षणी तोंडात तेच आलं, जे रोज डोळ्यांपुढे असतं.

तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. पाणी गढूळ, ना मला काही दिसत, ना त्याला. तरी पाणी कमरेला लागेपर्यंत तो उभा राहिला. हनीफभाईंनी त्या भरतीचे पैसे घेतले नाहीत. बाळूला ते लागलं, मला दिसलं.

परतीच्या यष्टीत तो खिडकीशी बसला आणि बाहेर बघितलंच नाही. "पुढल्या थंडीत जाऊ," मी म्हटलं. "हो," म्हणाला. ते खरं मानण्याएवढे आम्ही दोघंही वेडे नाही.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता तो अंगणात उतरला. म्हणाला, "आक्का, आता दाखव. दिसतंय तोवर." मग मी त्याला हाताला धरून हिंडवलं. विहिरीचा कठडा, त्यापलीकडे गोठा, म्हशीचं कपाळ, त्याच्या खोलीची भिंत, मोरी. तो सगळ्याला हात लावत होता. शेजारीण म्हणाली, "घर विकायला काढलंय काय?" मी तिला म्हटलं, "हो, गिऱ्हाईक जरा चिकट आहे." बाळू हसला. या फेरीत तो तेवढाच हसला.

इथेच राहा, हे मला तेव्हा म्हणायचं होतं. पण डॉक्टर मुंबईत, मुलगा मुंबईत. तो गेला. काठी ठेवून गेला नाही, घेऊनच गेला, त्यावरून मी मनाची समजूत घालते.

तुम्ही जरूर जा. मासे आहेत, मी बघितलेत. ज्याच्याबरोबर जायचंय त्याचे डोळे धड आहेत तोवर जा.

बाळू आता संध्याकाळी फोन करतो. माशाचं नाव काढत नाही. म्हणतो, "दारातून निघालो. विहिरीपलीकडे गोठा. मग?"

"मग उजवीकडे वळ. मोरीकडे पायरी आहे, जप."

आणि तिकडे मुंबईत, सातव्या मजल्यावर खुर्चीत बसलेला माझा भाऊ म्हणतो, "थांब, भिंत धरतो."