कल्ले न बघता घेतलेला विचार

“माझ्या हातची मच्छी आता कोण घेत नाय, मॅडम. संपलं,” हिराबाई म्हणाल्या आणि मी दिलेला कागद कोराच परत केला.

पोरांनो, तुम्ही विचारता ना, आजी क्लिनिकमध्ये नक्की करते काय? तर हे.

हिराबाई (नाव बदललंय) पारल्याच्या मंडईत मासे विकायच्या. नवरा गेल्यापासून मन खचलेलं. त्यात एक जुनं गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई, दोनदा मान फिरवून पुढे गेल्या. हिराबाईंनी ठरवलं, आपला माल कुणाला नको. महिनाभर ओटा बंद. जेवण नाही, झोप नाही. सायकिअ‍ॅट्रिस्टनी डिप्रेशनची गोळी सुरू केली आणि मी काउन्सेलर, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं. पुढच्या आठवड्यात त्या ओटा जावेला देऊन टाकणार होत्या.

तो कागद म्हणजे थॉट रेकॉर्ड. काय घडलं, मन काय म्हणालं, पुरावा काय, असे तीन रकाने. मी पट्टीने आखले होते.

“लिहिलं का नाही?”

“मला लिवता येत नाय. तुमी विचारलंच नाय.”

माझी डिग्री मागच्या भिंतीवर टांगलेली होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

“बरं, लिलावात सुरमई कशी घेता?”

“कल्ले उचलून. आत लालभडक पायजे.”

“न बघता घेता?”

“मी काय येडी हाय?”

“मग ‘माझा माल कुणाला नको’ हा विचार कल्ले बघून घेतलात का?”

हिराबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, “बुधवारी या बाजारात. त्या बाई येतात तवा.”

बॉस म्हणाले, “मॅडम, थेरपी की बाजारहाट?”

“बिहेवियरल एक्सपेरिमेंट, सर.” म्हणजे विचार खरा की खोटा, ते प्रत्यक्ष करून बघायचं.

बुधवारी हिराबाई ओट्यावर, मी शेजारी, कडक इस्त्रीच्या साडीत. बाई आल्या. मान फिरवली. हिराबाईंचा चेहरा पडला, मी काही बोलणार, तोच त्या गरजल्या, “ओ बाई, माझ्या मच्छीला वास येतो काय?”

बाई थबकल्या. “ओरडतेस काय गं हिरा? डॉक्टरनी कोळंबी बंद केलीय. तुझ्याकडे बघितलं की मी घेतेच. म्हणून बघत नाही.”

“मग बोंबील न्या.”

“बोंबील चालतो?”

“मी काय डॉक्टर हाय?”

आम्ही तिघी इतक्या हसलो की मी तोल जाऊन ओट्याखालच्या बर्फाच्या पाण्यात बसले. साडीचा वास चार धुण्यांनी गेला.

ओटा जावेला गेला नाही. पण एका हसण्याने डिप्रेशन जात नसतं. गोळ्या चालू राहिल्या, भेटीही. ‘सून बोलली नाही म्हणजे रागावली’, ‘एक दिवस माल उरला म्हणजे धंदा बुडाला’, असे बरेच विचार तपासायचे होते. ते आम्ही तोंडीच तपासले.

चार महिन्यांनी फोन आला. “मॅडम, आज येत नाय. गर्दी हाय.” आणि कट.

रजिस्टरमध्ये मी ‘नो शो’ लिहिलं. बॉस वैतागले. आमच्या कामात कधीकधी पेशंट न येणं हाच सर्वांत चांगला रिपोर्ट असतो, पण त्यासाठी रजिस्टरमध्ये रकाना नाही.