जान्याबाबांच्या दंडावर माझे ठोके

आधीच सांगून टाकते, मी अशा अनुभवांच्या गोष्टी वाचते त्या निव्वळ करमणूक म्हणून. उलटे पाय, पांढरी साडी, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... मी मोठ्याने वाचते आणि नवरा हसून हसून चहा सांडतो. त्यामुळे आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर तो गेले दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघतोय. बघू दे.

मी आरोग्यसेविका आहे. बावीस वर्षं झाली. राहते मसोलीत, डहाणू स्टेशनच्या जवळच. नोकरी तलासरी तालुक्यात, वेवजीच्या अलीकडच्या पाड्यांवर. भूत लागलं म्हणून धरून आणलेल्या पोरीचा मलेरिया निघालेला मी स्वतः बघितलाय. करणी म्हणून अंथरुणाला खिळलेला माणूस क्षयाच्या गोळ्यांनी उठून शेतात गेलेला बघितलाय. तेव्हा मला कुणी या बाबतीत शिकवायला जाऊ नये, अशा तोऱ्यात मी होते. नावं बदलली आहेत, बाकी जसं झालं तसं लिहिते.

माझं स्वतःचं एक दुखणं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला धडधडीचे झटके येतात. निवांत मेथी निवडत बसलेली असते आणि छातीत टक् होतं — कुणीतरी बटण दाबावं तसं. त्यानंतर हृदय जे सुटतं ते सुटतंच. मिनिटाला एकशे ऐंशी, एकशे नव्वद. घसा कोरडा, हात थरथर, सारखी लघवीला धाव. मग श्वास कोंडून पोटावर जोर द्यायचा, तोंडावर गार पाणी मारायचं, आणि वाट बघायची. कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास. मग पुन्हा एक टक्, की सगळं शांत. जणू काही झालंच नव्हतं!

गंमत अशी की आजवर एकदाही तो झटका कागदावर सापडला नाही. धावतपळत दवाखान्यात पोचावं, छातीला वायरी लावाव्यात, की ईसीजी नॉर्मल. कमरेला चोवीस तासांचं यंत्र बांधून घेतलं, तर ते चोवीस तास माझं हृदय गुणी बाळासारखं वागलं. सासूबाई म्हणतात, "टेन्शन घेतेस तू." ऑफिसात म्हणतात, "मॅडम, वय झालं आता, पाळी जायची वेळ." मेले सगळे डॉक्टर झालेत! आमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी मात्र मनावर घेतलं. म्हणाले, तुम्ही सांगता त्यावरून आजार ओळखू येतोय, हृदयातली एक जादाची वाट जाळून टाकली की कायमचं बंद होईल. पण झटका एकदा कुठेतरी नोंदला गेला तर बरं. तोवर बीटा ब्लॉकर घ्या, सकाळ-संध्याकाळ.

ती गोळी हृदयाला पळू देत नाही. झटके कमी झाले, पण पायऱ्या चढताना पाय शिशाचे होतात आणि हात सदा गार. नवऱ्याने माझी स्कूटी विकली, रस्त्यात झटका आला तर म्हणून. तेव्हापासून एसटीने तलासरी आणि पुढे शेअर रिक्षा. मी चिडचिडी झाले ती तेव्हापासून असं घरचे म्हणतात. आधीही फार गोड होते असं नाही.

आता जान्याबाबा. माझ्या एका पाड्यावरचे भगत. सत्तरीचे, काटक, तोंडात कायम तंबाखू. त्यांची सून सुनीता आमची आशा कार्यकर्ती आहे. मोठी हुशार बाई. बाबांना मागे छातीत दुखून वलसाडला नेलं होतं. हृदयविकाराचा सौम्य झटका होता. औषधं देऊन घरी पाठवलं. चैत्रात मी घरभेटीला गेले, तर गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या कुडाच्या भिंतीत खोचलेल्या. एक गोळी म्हणून फोडलेली नाही.

मी जे काय तोंड सोडलं! बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तू खाल्लीस?" (त्यांची बोली मला हुबेहूब लिहिता येत नाही, माझ्या मराठीत लिहिते.)

"मी कशाला खाऊ?"

"मी कुणाला मुळी देतो, तर आधी त्याच्या समोर माझ्या तोंडात घालतो. मग त्याला देतो. तू न खाता देतेस?"

मला हसूच आलं. मी पर्समधून माझी पट्टी काढून त्यांच्या पुढ्यात धरली. त्यांना दिलेल्या गोळ्यांतली एक आणि माझी, एकच औषध होतं. "ही घ्या बघा. रोज दोन वेळा खाते मी. मेले का?"

बाबांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून बराच वेळ न्याहाळल्या. म्हणाले, "माझ्यासमोर खा." माझी सकाळची गोळी झाली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी न घेता गेले आणि त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या तांब्यातलं पाणी पिऊन ती गोळी गिळली. ते डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी त्यांची घेतली. मी म्हटलं, सुटले!

त्या दिवसापासून बाबांनी एक दिवस चुकवला नाही. सुनीता कॅलेंडरवर खूण करायची. त्यांचं बीपी सुधारलं, चालताना लागणारा दम गेला. मी मीटिंगमध्ये फुशारकी मारायचे, की भगताला गोळी खायला लावणारी मी एकटीच!

मग आश्विन आला. भात पिकलं. त्या पाड्यावर देवाला नवं दाखवल्याशिवाय नवा तांदूळ कुणाच्या चुलीवर चढत नाही. आणि दाखवायचं तर आधी भगताच्या अंगात देव यायला हवा, तो घुमायला हवा, देवाने त्याच्या तोंडून हो म्हणायला हवं. सुनीताचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"सिस्टर, बाबा दोनदा बसले. अंगात येतच नाही. लोक म्हणतात गोळीने देव बांधला. बाबा बोलत नाहीत, जेवत नाहीत. बहुतेक गोळी बंद करतील हो..."

हे औषध अचानक तोडलं तर अशा माणसाचं हृदय उसळतं, पुन्हा झटका येऊ शकतो. आणि दुसरंही मला तिथेच उमगलं, तेही लिहिते. घुमणाऱ्या माणसाची नाडी मी पाहिलेली आहे, घोड्यासारखी उधळते. आणि आमची गोळी तर नाडीला उधळूच देत नाही. म्हणजे लोक बोलत होते ते अगदीच खोटं नव्हतं. मी एका म्हाताऱ्याचा देव बंद करून ठेवला होता, आणि वर मीटिंगमध्ये टाळ्या घेतल्या होत्या. मला त्या रात्री मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्यांदा बसायचा जो दिवस ठरला, त्या सकाळी मी बीपीचं मशीन घेऊन गेले. दहाचा सुमार, लख्ख ऊन. शेताच्या बांधावर सादड्याच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, त्यापुढे सुपात भाताच्या लोंब्या. पाड्यावरची चाळीसेक माणसं बसलेली. एकजण घांगळी वाजवत होता — दोन भोपळे लावलेलं तारेचं वाद्य. एकच सूर, पुन्हा पुन्हा.

मी बाबांच्या कानाशी विचारलं, "सकाळची घेतलीत?"

"घेतली. तुला शब्द दिलाय."

ते बसले. अर्धा तास गेला. काही नाही. घाम नाही, कंप नाही. एक म्हातारी डोळे पुसायला लागली. तरुण पोरं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांचं काय चुकलं? बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मी सोसला असता. लाज होती.

"देव उंबऱ्यापाशी उभा आहे, बाय," ते हळूच म्हणाले. "आत यायला दार सापडत नाही त्याला."

काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, "बीपी बघते बाबा," आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. बटण दाबणार, इतक्यात माझ्या छातीत — टक्.

झालं! आत्ताच यायचं होतं? चाळीस माणसांसमोर? मी काही दाखवलं नाही. श्वास कोंडला, मशीन सुरू केलं, पट्टा फुगला, उतरला. बाबांचा हात गुडघ्यावर स्थिर होता, बोट हलत नव्हतं. आकडे आले. बीपी ठीक. नाडी : १८६.

मशीन बिघडलं असं वाटलं. पुन्हा लावलं. १८८. मग मी त्यांचं मनगट धरलं. नाडी मोजता येत नव्हती, इतकी पळत होती. ती चाल मला नवी नव्हती. इतकी वर्षं मी ती माझ्या मानेवर बोट ठेवून मोजत आले आहे. सवयीने दुसरा हात माझ्या स्वतःच्या मानेवर गेला. घड्याळ समोर धरून अर्धं मिनिट मोजलं. एकतीस ठोके. म्हणजे बासष्ट. संथ! छातीत मात्र धडधड तशीच, ढोल वाजावा तशी. सुनीता शेजारी होती, तिला म्हटलं माझी नाडी बघ. तिनेही बासष्टच सांगितले आणि वहीत लिहिले.

तेवढ्यात बाबांच्या खांद्यातून एक लहर गेली आणि ते घुमायला लागले.

अकरा मिनिटं. झटका आला की घड्याळ बघायची मला खोड आहे, म्हणून नक्की सांगते. मी देवाचं काही ऐकत नव्हते. मी फक्त म्हणत होते, हा माणूस आता माझ्या डोळ्यांदेखत मरणार, आणि मीच त्याला मारला. बाबा बोलले, लोकांनी विचारलं, त्यांनी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी लोंबी उचलून दगडावर ठेवली, आणि बायका एकदम उठून उभ्या राहिल्या. त्याच क्षणी माझ्या छातीत टक् झालं. सगळं शांत. मशीन अजून त्यांच्या दंडालाच होतं. बटण दाबलं. साठ.

बाबांनी पाणी मागितलं. चेहरा कसा, पोटभर झोपून उठल्यासारखा. मी त्यांना तसंच रिक्षात घालून तलासरीला नेलं. ईसीजी नॉर्मल. तिथले डॉक्टर म्हणाले, हाताला कंप असला की ही मशीनं काहीही दाखवतात. म्हटलं, बरोबर आहे सर. पण तेव्हा कंप नव्हता. आणि माझी बोटं काही बॅटरीवर चालत नाहीत.

परत येताना मी बाबांना विचारलं, "हे तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? तुझ्याकडे जास्त होतं. माझ्याकडे नव्हतं."

नंतर सुनीताने मला त्यांच्या रीतीचा उरलेला अर्धा भाग सांगितला. मुळी देणारा आधी खातो, तो विश्वास बसावा म्हणून नाही. रोग्याच्या दुखण्याची आणि आपली वाट एक व्हावी म्हणून खातो. "तुम्ही इतक्या झटकन गिळलीत ना सिस्टर," ती म्हणाली, "तेव्हाच बाबा म्हणाले होते, ह्या बाईला ठाऊक तरी आहे का ही काय करते."

मशीनच्या मेमरीत ते आकडे राहिले होते. ते घेऊन मी माझ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बघितलं, खुर्चीत पुढे सरकले. "एकशे शहाऐंशी, दोन मिनिटांनी अठ्ठ्याऐंशी, आणि नंतर एकदम साठ. अहो, हेच हवं होतं! हा ईसीजी नाही, पण एवढ्यावर पुढे जाऊ आपण. हे रीडिंग तुमचंच ना?"

मी "हो" म्हणाले. ते खोटं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कुणी डॉक्टर वाचत असतील तर त्यांनी जरूर सांगावं. मी स्वतः खूप शोधलं. मशीनची चूक म्हणावी तर दोन माणसांनी बोटांनी मोजलेलं चुकलं कसं? मनाचे खेळ म्हणावेत तर ते माझ्या मनाचे, बाबांच्या मनगटाचे कसे? मला हे अजिबात आवडत नाही.

प्रोसिजरची तारीख मिळाली तेव्हा बाबांना सांगायला गेले. ती वाट जाळली की माझं धडधडणं कायमचं बंद, हेही सांगितलं. ते तंबाखू मळायचे थांबले. म्हणाले, "करून घे, बाय. देवाला मी सांगेन समजावून." थांब असं एका शब्दानेही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडले असते.

ती तारीख माघातली होती. मी पुढे ढकलली. मग वैशाखातली मिळाली, तीही ढकलली. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी वैतागून फोन केला, मॅडम, तुम्हाला बरं व्हायचंय की नाही? मी म्हटलं, सर, जरा आश्विनातलं भाताचं होऊ दे. घरी कापणी आहे.

मसोलीत आमची दोन खोल्यांची जागा आहे, आणि शेती म्हणाल तर खिडकीत तुळशीची एक कुंडी. नवरा समोरच बसला होता. तो हसला नाही.