तर्री-पोहा आणि रामदासची चित्रं

उरलेली भाजी संध्याकाळी कोणाला तरी देऊन मोकळं होता येतं. किस्से मात्र वाटावे तितके वाढतात! कळंबच्या बस स्टँडजवळ आमचं छोटं हॉटेल आहे. सकाळी तर्री-पोहा, भजे, दुपारी साधी थाळी. मैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न, "काय वं, तुमच्या त्या भिंतीचं नवीन काय?" म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगूनच टाकावं.

*

ही भिंत रामदास पेंटरमुळे सुरू झाली. गावातल्या दुकानांचे बोर्ड त्याच्याच हातचे. मग फ्लेक्स आले आणि त्याचं काम गेलं. रिकाम्या वेळात तो चित्रं काढायला लागला. एक दिवस चार चित्रं काखेत घेऊन आला.

"वयनी, घरात ठेवाले जागा नाई. बायको म्हनते, एक तं चित्रं राहतीन, नाई तं मी!"

मी म्हटलं, "बायकोला राहू द्या. चित्रं इथं लावा."

आमच्या यांना ते पटलं नाही. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, गिऱ्हाईक कमी झालेलं. जे होतं, तेही समोरच्या हॉटेलात टीव्ही पाहत बसायचं.

"लोकं मॅच पाहाले तिकडं चालले, आन तू इथं प्रदर्शन मांडून राह्यली!"

शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत एक तरी चित्र विकलं गेलं पाहिजे. नाही तर चित्रं खाली आणि त्या जागी टीव्ही! मी लगेच हो म्हटलं. मला खात्री होती. रामदासनं मात्र त्या दिवशी चहा अर्धाच प्यायला.

*

त्यातलं एक चित्र थाळीचं होतं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा आणि लिंबाची फोड. इतकं हुबेहूब की लोक चित्राकडे बोट दाखवून ऑर्डर द्यायचे. उन्हाळ्यात लिंबू महाग झालं, तसं मी ताटात देणं बंद केलं. लगेच एक गिऱ्हाईक भांडायला उठलं.

"वर लिंबू दाखवता, खाली देत नाई! हे काय होय?"

रामदासला बोलावलं. तो बिचारा स्टुलावर चढून लिंबावर रंग मारायला लागला. खाली जेवत बसलेल्या ट्रक ड्रायव्हरनं मान वर केली.

"पेंटर, हात मारूनच राह्यला, तं एक पापड टाकून दे नं गा!"

*

आमचे रोजचे गिऱ्हाईक किसनभाऊ. पाच एकर कापूस आणि जिभेला हाड नाही! रामदासनं त्यांचा टोपीसकट चेहरा काढला आणि आम्ही तो भिंतीवर लावला. दसऱ्याला आमच्या यांनी शेगडीला, वजनकाट्याला, गल्ल्याला झेंडूचे हार घातले. हार उरले, ते चित्रांनाही घातले. किसनभाऊंच्या चित्रालाही!

दुपारी बोरी अरबहून त्यांचे व्याही आले. भज्यांची प्लेट समोर आली आणि त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. टोपी काढली, डोळे पुसायला लागले. "अरे देवा, आमाले निरोप बी नाई दिला!" मला काही कळेना. तेवढ्यात मागच्या नळावर हात धुऊन किसनभाऊ धोतराला पुसत आत आले. व्याही खुर्चीवरून पडायचेच राहिले!

किसनभाऊंनी आधी हाराकडे पाहिलं, मग रिकाम्या प्लेटकडे.

"इवाई, रडले खरे! पन भजा एक बी नाई सोडला!"

*

एकदा इथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घेऊन नागपूरचं एक जोडपं जेवायला थांबलं. साहेबांना बैलजोडीचं चित्र फारच आवडलं. रामदास शेजारच्या टेबलावर होता. त्याचा घास हातातच राहिला. साहेबांचा हात पाकिटाकडे गेला, तेवढ्यात बाईसाहेब म्हणाल्या, "छान आहे हो, पण आपल्या सोफ्याला मॅच होत नाही."

पाकीट पुन्हा खिशात!

रामदास उठून त्यांच्यासमोर उभा राहिला. चेष्टा करत नव्हता तो, अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, सोफा घेऊन या. रंगवून देतो!"

*

दिवाळीच्या सफाईला चित्रं उतरवली. भिंत धुरानं काळी झालेली, चित्रांच्या जागी तेवढे पांढरे, रिकामे चौकोन. किसनभाऊ जेवता जेवता एका चौकोनाकडे बराच वेळ पाहत होते.

"वयनी, हे नवीन लावलं का? यंदाच्या कापसाचं होय न हे?"

सगळे खूप हसले. मग जो तो आपल्या ताटाकडे वळला. मी सगळ्यांना चहा दिला.

*

दिवाळी झाली. एकही चित्र गेलं नाही. शब्द तो शब्द! मधोमध लोखंडी स्टँड ठोकून टीव्ही बसला आणि चित्रं आतल्या खोलीत गेली.

पहिल्याच मॅचला हॉटेल गच्च भरलं. आमचे हे गल्ल्यावर खुशीत. पण ब्रेक झाला की बातम्या, आणि बातम्यांत कापूस. भाव पडला, बोंडं सडली. किसनभाऊंचा हात ताटात थांबला.

"जेवू तं द्या नं जी!"

रामदास मला दाखवायला नवीन चित्र घेऊन आला होता. मांजरपाटाच्या कापडावर रंगवलेलं कापसाचं वावर, नजर जाईल तिथवर पांढरंशुभ्र फुटलेलं. किसनभाऊंनी ते त्याच्या हातातून घेतलं, स्टुलावर चढले आणि सरळ टीव्हीवर पडद्यासारखं टाकलं. घसरू नये म्हणून वरून दोन बरण्या ठेवल्या. खाली उतरून जेवायला लागले.

आमचे हे धावत आले. "भाऊ, अहो मॅच हाय!"

"मंग? ऐकाले कोनी मना केलं?"

यांनी चित्राला हात घातला. तेवढ्यात त्या कापसातून आवाज आला, सिक्सर! दुसऱ्या बॉलला पुन्हा सिक्सर! सगळं हॉटेल उभं राहिलं.

"हात लावू नका जी! जोडी जमून राह्यली!"

"चित्र हाललं तं विकेट जाईन, सांगून ठेवतो!"

यांनी हात मागे घेतला. शेवटच्या ओव्हरपर्यंत पूर्ण हॉटेल त्या वावराकडे टक लावून मॅच ऐकत बसलं. आपण जिंकलो!

पुढच्या मॅचला समोरच्या हॉटेलातली माणसंही आमच्याकडे आली. टॉस व्हायच्या आधी आमचे हे स्वतः स्टुलावर चढले, चित्राच्या सुरकुत्या नीट केल्या, बरण्या ठेवल्या. कोपऱ्यात एक व्यापारी रामदासला चित्राची किंमत विचारत होता. यांनी वरूनच दम भरला,

"रामदास, फायनल होईस्तोवर हे कोनाले विकशीन, तं याद राख!"