कोरडे लंगोट

माझी लेक तेव्हा जेमतेम वर्षाची. सोलापुरातल्याच एका दवाखान्यात तिच्या हृदयाचं छिद्र बुजवलं. ऑपरेशन चांगलं झालं, आयसीयूतून वॉर्डात आणलं, लघवीची नळीही काढली. सिस्टर म्हणाल्या, "डायपरच घाला. वापरलेले टाकू नका, आमच्याकडे द्या." कशाला, ते काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला घरी गेले. दुपारी येऊन बघते तर डायपर गायब. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुधनीहून येताना जुन्या धोतराचे मऊ लंगोट शिवून आणले होते. प्लास्टिकनं लेकराला भाजतं, असं त्यांचं म्हणणं. खिडकीच्या गजावर एकच लंगोट वाळत होता. बाकीचे घडीतच.

"आत्या, सकाळपासून एकच बदलला?"

"एकच की. लई गुणाची हाय तुझी पोरगी. भिजवीतच न्हाय."

शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकानं हसली. मला मात्र हिशेब लागेना. सलाईन चालू, दूध चालू, मग ते सगळं जातंय कुठं? लेकीच्या पापण्याही सुजल्यासारख्या दिसत होत्या.

तडक काउंटरवर गेले. तरुण डॉक्टर फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "सकाळच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा आकडा नॉर्मल आहे, बाई. किडनी ठीक आहे."

"असू दे की. पण पोरीला लघवी होत नाही."

"डायपर वजनाला आलेच नाहीत. मग तुम्ही कशावरून ठरवलं?"

"कोरड्या लंगोटावरून. उठून बघा."

"मोबाइलवर काही वाचलंत का?"

"वाचलं नाही, डोळ्यांनी बघितलं. आणि वाचलं असतं तर बिघडलं काय? आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वाचायलाच गेले होते."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. हसू दे. मी तिथून हललेच नाही.

शेवटी ते उठले. पोट दाबून पाहिलं, पापण्या पाहिल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. पुन्हा नळी घातली. थोडीशीच, गडद लघवी आली. रक्त परत तपासायला पाठवलं, मोठ्या डॉक्टरीण बाईंना बोलावलं. त्यांनी मला समजावलं, की अशा ऑपरेशननंतर मुलांच्या किडनीला इजा होऊ शकते. रक्तातला आकडा उशिरा चढतो, लघवी आधी कमी होते. डायपरचं वजन करून लिहून ठेवतात, ते त्यासाठीच. त्यांनी सलाईन कमी केलं, एक औषध बंद केलं, एक नवीन लावलं. "वेळेत कळलं," म्हणाल्या.

तेवढ्यात सिस्टर आत्यांवर तडकल्या. "डायपर काढलाच कशाला? अडाणीपणा नुसता!"

आत्या पदर तोंडाला लावून उभ्या. मी मध्ये शिरले.

"त्यांना बोलायचं नाही. वजन कशासाठी करता, हे एका वाक्यात सांगितलं असतं तर त्यांनी डायपर स्वतः आणून दिले असते. आधी सांगून बघा, मग अडाणी म्हणा."

सिस्टर फणकाऱ्यानं निघून गेल्या. डॉक्टरीण बाई मात्र आत्यांशेजारी बसल्या आणि त्यांना सगळं त्यांच्या माहेरच्या कानडीत पुन्हा सांगितलं. आत्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "मुतंल न्हवं गं लेकरू?"

मी खाटेला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळीतून पिवळी धार पिशवीत उतरायला लागली. आत्या स्टूल ओढून पिशवीसमोरच बसल्या. कसली लाज नि कसलं काय, येईल त्याला थांबवून दाखवत होत्या, "बगा, मुतली माझी नात!" तेवढ्यात कालच्याच सिस्टर तिथून निघाल्या होत्या. आत्यांनी त्यांना हाताला धरून थांबवलं.

"लिवा की वो सिस्टर. आदी हे लिवा, मग जावा."