बाईंचा 'इतर' रकाना

पेशंट आत आली की बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर ऑपरेशनचा हिरवा कपडा टाकत. मग खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसत आणि विचारत, "अब बता नोनी, का होगे?" छत्तीसगढी बोलीत नोनी म्हणजे पोरी.

रायपूर राजधानी झालं आणि शंकर नगरच्या बाजूला काचेचे दवाखाने उभे राहिले. त्यांतल्याच एकात बाई बाळंतपणाच्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "मले मॅडम नको म्हणू वो. बाई म्हण." वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे वर्ध्याहून आलेलं त्यांचं घर. सारा जन्म रायपुरात गेला, पण बोली तिकडचीच राहिली.

कॉम्प्युटर आणला आमच्या व्यवस्थापक साहेबांनी. या गृहस्थानं कधी कुणाची नाडी धरली नव्हती, पण ती धरायला किती वेळ लागावा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक पेशंटमागे पडद्यावरचे सगळे रकाने भरायचे. एखादा राहिला की डॉक्टरच्या नावापुढे लाल ठिपका. सोमवारच्या मीटिंगमध्ये ते ठिपके भिंतीवर दाखवले जात आणि दाराबाहेर डिग्र्यांच्या पाट्या लावलेली आम्ही माणसं शाळकरी पोरांसारखी माना खाली घालून बसत असू. पेशंट रडत असली तरी आमची नजर पडद्यावर असे. बाईंचं नाव मात्र कायम लालभडक. "डॉक्टर केलं, अन् बसवलं टायपिंगले," त्या म्हणत, तेही साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात.

हा तिरस्कार एकदा त्यांच्यावरच उलटला. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांची एक पेशंट कळा देत आली. एका इंजेक्शनानं तिचा मागे श्वास कोंडला होता. तिनं ते बाईंना सांगितलं होतं आणि बाईंच्या चांगलं लक्षात होतं. पण पडद्यावर ॲलर्जीचा रकाना कोरा होता. कळांनी बेजार झालेल्या तिला काही सांगणं सुचलं नाही, आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरनं नेमकं तेच इंजेक्शन दिलं. तिचे ओठ निळे पडले. आम्ही धावाधाव केली आणि आई नि बाळ दोघंही वाचली, पण थोडक्यात.

बाई घरच्या साडीतच धावत आल्या. तिच्या उशाशी बराच वेळ बसून राहिल्या. बाहेर आल्यावर ना कॉम्प्युटरला शिवी दिली, ना त्या डॉक्टरला. मला म्हणाल्या, "पेशंट माह्या डोक्यात ठेवला, अन् डोकं घेऊन मी घरी गेली."

दुसऱ्या दिवसापासून बाई लिहायला लागल्या. पेशंटसमोर मात्र पडद्यावर कपडाच. सगळ्या गेल्यावर, चष्मा कपाळावर चढवून, दोन बोटांनी टकटक करत बसत. पाय सुजत, तेव्हा समोरच्या स्टुलावर ठेवत. "काहून एवढं लिहून राहिल्या बाई? नुसत्या खुणा करा," मी म्हणायची. "खुणा गुरांले करतेत," त्या म्हणत.

सगळ्या रकान्यांच्या तळाशी 'इतर' नावाचा एक रिकामा चौकोन होता. बाईंचं खरं लिखाण तिथं. 'सासूसमोर बोलत नाही, एकटीला विचारा.' 'पहिलं मूल गेलेलं आहे, कितवं असं विचारू नका.' 'हसते तेव्हा जास्त दुखत असतं.' हळूहळू ड्यूटीवर येणारा प्रत्येक डॉक्टर आधी तो चौकोन वाचू लागला. जे यंत्र आमचं डोकं खात होतं, त्यातून बाईंनी कामाची गोष्ट काढली होती.

साहेबांना ते खपलं नाही. त्या चौकोनातला मजकूर त्यांच्या तक्त्यांत बसत नव्हता. "इससे रिपोर्ट नहीं बनती," असं म्हणून त्यांनी नवं सॉफ्टवेअर आणवलं. 'इतर' गेला, त्यातलं बाईंचं लिखाणही गेलं. आता फक्त यादीतून निवडायचं. मीटिंगमध्ये साहेब ती यादी कौतुकानं दाखवत होते. बाई उठल्या.

"इसमें 'सास को बाहर भेजो' कहाँ है?"

"मैडम, ऐसा तो कोई ऑप्शन नहीं है."

"तो फिर मैं भी नहीं हूँ," म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या. मी जिन्यापर्यंत मागे धावले. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तू ऱ्हाय. तुले घर चालवाचं हाय."

पुरानी बस्तीत देवळामागच्या गल्लीत त्यांनी एक खोली घेतली आणि तिथं पेशंट बघायला लागल्या. साहेबांना वर बढती मिळाली. अशा माणसांना ती मिळतेच.

परवा ते माझ्या पाठीशी उभे राहून मी रकाने कसे भरते ते पाहत होते. समोर पहिलटकरीण होती. मी विचारत होते, ती खाली मान घालून हूं हूं करत होती. मध्येच तिनं हळूच विचारलं, "वो बड़े डॉक्टरनी दीदी कहाँ हे?"

मी कीबोर्डवरून हात उचलले. पुरानी बस्तीतली गल्ली सांगितली, रिक्षा कुठं थांबवायची तेही सांगितलं.

"ये आप क्या कर रही हैं?" साहेब मागून ओरडले.

"पेशंट को डॉक्टर के पास भेज रही हूँ," मी म्हणाले.